मागल्या भिंतीतला पाइप

बलभीम सरवदेने हातातली पेन्सिल टेबलावर इतक्या जोरात आपटली की तिचं टोक मोडून मीटरच्या काचेवर उडालं.

"गेला. परत गेला."

समोरच्या काचेच्या हंडीत तारेचे दोन गोल होते, एकात एक. बाहेरचा फुटबॉलएवढा, आतला लिंबाएवढा. दोन्ही त्यानेच बारीक पोलादी तार वाकवून केलेले. पंपाने हंडीतली जवळजवळ सगळी हवा उपसून काढायची, नावाला वायू शिल्लक ठेवायचा आणि आतल्या गोलाला काही हजार व्होल्ट द्यायचे. मग त्या वायूतले आयन चहूकडून मध्याकडे धाव घेत आणि लिंबाच्या पोटात जांभळा तारा पेटे. मघाशी तो तारा चांगला टोकदार होता. आता त्याची टोकं बोथट झाली होती, रंग ताकासारखा पांढुरका झाला होता आणि मीटरचा काटा जागेवर ठरायला तयार नव्हता.

"ईरण्णा, लाइट उतरली का बघा."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना मदतनीस ईरण्णा कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरपाशी वाकला. "न्हाय सर. हाय तेवढंच हाय."

"मग ह्याला झालंय काय?"

गेला दीड महिना बलभीम हाच प्रश्न विचारत होता. त्याला मोजायचं होतं ते सांगायला सोपं होतं. गोलाच्या मध्यात आयनांची गर्दी झाली की ते एकमेकांनाच बाहेर ढकलू लागतात का, आणि लागत असतील तर किती जोराने? त्यासाठी केसाएवढी बारीक तार काचेच्या नळीतून ताऱ्याच्या मध्यापर्यंत नेऊन ठेवली होती. तिच्यातून येणारा इवलासा प्रवाह मीटरवर वाचायचा, दाब थोडा वाढवायचा, परत वाचायचा, आणि आलेखावर रेघ काढायची. सकाळी काढलेली रेघ कशी ऐटीत चढून जाई. दुपारी तोच प्रयोग, तेच यंत्र, तेच व्होल्ट, आणि रेघ बैल मुतल्यासारखी नागमोडी. एकदा दिसलं त्याला विज्ञानात किंमत नसते. ते पुन्हा दिसावं लागतं.

त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. हंडीखालचं रबर बदललं. सांध्यांना नवं ग्रीस लावलं. दुपारच्या उन्हाचा दोष असेल म्हणून खिडक्यांना गोणपाट लावलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीचा काही उपद्रव असेल असं वाटून गिरणीवाल्या बंडप्पाच्या हातापाया पडला आणि दोन दिवस दुपारची गिरणी बंद ठेवायला लावली. लोकांनी बंडप्पाला शिव्या दिल्या, बंडप्पाने बलभीमला दिल्या, आणि काटा डुलायचा तो डुलतच राहिला.

आणि आता येत्या सोमवारी औरंगाबादहून नाईकवाडी सर येणार होते. ते त्याचे मार्गदर्शक. पंप आणि हंडी विद्यापीठाची, त्यांच्याच शब्दाखातर उसनी मिळालेली. एकावर एक ठेवली तर एक दिसावी अशी रेघ त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. ती दिसली तर प्रबंध. सरवदेंच्या घरात, नव्हे साऱ्या भीमनगरात, पहिला डॉक्टर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आईने त्याला शिकवला होता. त्या खडीचं काहीतरी चीज व्हावं असं त्याला फार वाटे. पण सध्या त्याला सगळ्यात जास्त वाटत होती ती चीड.

तो उठला आणि सवयीने पंपाच्या अंगाला हात लावला. चटका बसला.

"ईरण्णा, पंप तापलाय!"

पंप तापणं म्हणजे सगळंच आटोपलं. त्याच्या बुडाशी तेल उकळत असे, तेलाची वाफ हंडीतली हवा ओढून खाली नेत असे, आणि पंपाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या नळीतून गार पाणी वाहतं राहिलं तरच ती वाफ परत तेल होऊन खाली बसे. पाणी थांबलं की वाफ सरळ हंडीत. बलभीमने नळीला बोट लावलं. पाणी थांबलेलं होतं.

"टाकी संपली?"

"टाकी भरल्याली हाय सर. सकाळीच मोटार लावलीय म्या."

टाकीत पाणी होतं आणि नळीत वाहत नव्हतं. बलभीम दार उघडून बाहेरच्या उन्हात आला आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला निघाला.

ह्या पाण्याची एक वेगळीच कथा होती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. मुरुम गावाच्या आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला होता, पण कॉलेजच्या विहिरीला अजून झरा होता. कॉलेजच्या पुढच्या अंगणात टाकीचा नळ काढून गावाला पाणी दिलं जाई. आधी गावाच्या घागरी, मग उरलं तर भीमनगरच्या. नियम कुणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता. बलभीमने प्रयोगासाठी पाणी मागितलं तेव्हा संस्थेचे सचिव आबाराव, जे साखर कारखान्याचेही चेअरमन होते, त्यांनी एकच अट घातली होती: थेंब वाया जाता कामा नये. तेव्हा पंपातून बाहेर पडलेलं पाणी पाइपाने मागल्या भिंतीतून बाहेर काढायचं आणि ज्याला हवं त्याने भरून न्यायचं, असं ठरलं. गावातल्या बायका पहिल्या दिवशी येऊन बघून गेल्या. यंत्राचं पाणी कोमट लागतं, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. पुढच्या नळाचं पाणीही एप्रिलमध्ये कोमटच असतं, हे कुणी बोललं नाही. ईरण्णाची बायको म्हाळसाबाईसुद्धा पुन्हा तिकडे फिरकली नाही. त्यामुळे मागला पाइप आपोआप भीमनगरचा झाला. पहिल्यांदाच त्या बायका कुणाच्या मागे उभ्या न राहता, कुणी वरून ओतण्याची वाट न बघता, पाणी भरत होत्या.

बलभीम कोपऱ्यावरून वळला तेव्हा त्याची आई, चांगुणा, पाइपापाशी उकिडवी बसलेली होती. भरलेली घागर बाजूला होती. हातात बाभळीच्या लाकडाचं तासून केलेलं बूच होतं, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. ते तिने पाइपाच्या तोंडात घातलं, दगडाने दोनदा ठोकलं आणि चिंधीतून थेंब येतोय का ते बोट लावून पाहिलं. येत नव्हता. फार नीट केलेलं काम होतं.

"माय! काय करतीस?"

चांगुणा दचकली नाही. "बूच लावतीया. भिमाबाई अजून यायची हाय. तवर पाणी काय मातीला पाजू व्हय?"

"रोज लावतीस?"

"मी लावते, ती लावते. जी भरून जाईल ती लावते. पुढची आली की काढते." तिने अभिमानाने बुचाकडे पाहिलं. "म्याच तासलंय ते. एक थेंब गळत न्हाय."

बलभीमच्या डोक्यात दीड महिना एका क्षणात उलगडला. सकाळी बायकांची रांग असते, बूच लागतच नाही, रेघ सरळ. दुपारी एकेकटी बाई येते, मधल्या वेळात बूच. तारा फिका पडायचा, काटा डुलायचा, आणि तो आत बसून बंडप्पाच्या गिरणीला शिव्या द्यायचा. तो आयन मोजत नव्हताच. भीमनगरच्या घागरी मोजत होता.

तो ओरडला. आयुष्यात आईवर इतका कधी ओरडला नव्हता. वर्षभराच्या कामाची माती केली, सोमवारी साहेब येणार आहेत, आता मी त्यांना काय दाखवू, तुझं बूच? तोवर पोचलेली भिमाबाई रिकामी घागर घेऊन दोन पावलं मागे सरकली. चांगुणा ऐकून घेत राहिली. तिला एकच गोष्ट समजत नव्हती.

"म्हंजे पाणी वाया गेल्याबिगर तुझं यंत्र चालत न्हाय?"

"वाहत राहिल्याबिगर चालत न्हाय."

"तेच की."

"तेच न्हाय, माय! मशीन चालू असलं की ह्या पाइपाला कुणी हात लावायचा न्हाय. सगळ्यांना सांग. कळलं का?"

चांगुणाने बूच काढलं, पदराला पुसलं आणि कनवटीला खोचलं. "कळलं," ती म्हणाली. "एकदा सांगून कळतं मला."

संध्याकाळी त्याला स्वतःची लाज वाटली, पण राग त्याहून मोठा होता आणि तो आता आईवर नव्हता, स्वतःच्या अकलेवर होता. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून डांबराचं एक रिकामं बॅरल आणलं, ईरण्णाने ते जाळून-घासून स्वच्छ केलं आणि पाइपाखाली लावलं. पाइप वाहता, बॅरल भरतं, बायका बॅरलात घागर बुडवून नेतात. इतकं साधं होतं ते.

आणि काटा ठरला. सकाळी ठरला, भर दुपारी ठरला, तिसऱ्या प्रहरी ठरला. बलभीमने तीन आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एकच रेघ दिसली. मध्यावर तिला एक छोटासा उंचवटा होता. आयन तिथे खरंच एकमेकांना ढकलत होते. तो उंचवटा त्याने बोटाने दोनदा चाचपून पाहिला, जणू कागदावर तो हाताला लागणार होता. ईरण्णा न सांगता चहा आणायला गेला.

चहा आला तो आबारावांच्या पाठोपाठ. आबाराव धोतराचा सोगा सावरत आत आले, हंडीकडे दुरूनच पाहिलं आणि खुर्चीवर बसले.

"काय सरवदे सर, सोमवारी साहेब येतेत म्हणं. त्यांनी पास केलं की मोकळे आपण."

"मोकळे म्हणजे?"

"पाण्याचं म्हणतो. गावात बोंब हाय. म्हणतेत, सरांच्या यंत्राला पाणी आन् आमच्या लेकरांना न्हाय. म्या सांगतो, बाबांनो, शास्त्राचं काम हाय, विद्यापीठाचं काम हाय, झालं की बंद. तवा गप बसतेत."

बलभीमने कप खाली ठेवला. "आबाराव, प्रयोग झाला तरी मागला पाइप राहू द्या की. मृगापर्यंत. वस्तीवरचे लोक भरतात."

आबारावांनी बशीतला चहा संपवला. माणूस वाईट नव्हता. कारखान्याच्या दवाखान्यातलं मोडीत निघालेलं एक्स-रे यंत्र बलभीमला ट्रान्सफॉर्मरसाठी फुकट देणारा तोच होता.

"सर, तुमच्यापाशी खरं बोलतो. शास्त्राच्या नावानं देता येतं. वस्तीच्या नावानं देता येत न्हाय. मीटिंगीत कुणी हात वर करणार न्हाय, मी एकटा काय करू? तुमचं काम जवर चालू हाय, तवर कुणाची छाती न्हाय नळ बंद करायची. ही गोष्ट तुमच्यामाझ्यात." ते उठले. "मग? जमलंय का यंत्राचं?"

तीन आलेख बलभीमच्या हाताखालीच होते. ईरण्णा कपबशा गोळा करत होता; त्याचे हात थांबले.

"बघू," बलभीम म्हणाला. "अजून काही खरं नाही."

रविवारी दिवसभर तो हाच हिशेब करत होता. मृगाला अजून पाऊण महिना होता. पाइप बंद झाला की बायका पुन्हा पुढच्या नळावर, पुन्हा सगळ्यांच्या मागे. आणि प्रयोग जमला नाही, काटा साहेबांच्या देखत डुलला, तर नाईकवाडी सर मुदत वाढवून देतील, एवढे ते चांगले होते; आणि तोवर पाइपही वाहता राहील. मात्र त्यांचा औरंगाबादचा दुसरा विद्यार्थी ह्याच विषयावर काम करत होता आणि तो काही मृगाची वाट पाहत बसणार नव्हता. बलभीमला सगळ्यांचा राग आला: आबारावांचा, मीटिंगीत हात वर न करणाऱ्यांचा, त्या औरंगाबादच्या पोराचा. एवढ्या खस्ता खाऊन हातातोंडाशी आलेला घास, आणि तो आपल्याच हाताने खाली ठेवायचा.

सोमवारी सकाळी त्याने बॅरल आडवं केलं आणि लोटत लोटत मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"सर, बॅरल?" ईरण्णाने विचारलं.

"राहू द्या. साहेब येणार, बरं दिसत नाही."

ईरण्णाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खोलीला कडी घातली. बॅरल नाही म्हटल्यावर बायका पाणी मातीला जाऊ देणार नाहीत, कनवटीचं बूच बाहेर निघेल, ह्याची बलभीमला खात्री होती. आईला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनेच ते बॅरल लोटत परत आणलं असतं आणि वर म्हणाली असती, आमची तहान आमी बघून घेऊ, तू तुझं शिक्षण बघ.

नाईकवाडी सर उन्हाने लाल होऊन पोचले. पाणी प्यायले, आबारावांशी दोन शब्द बोलले आणि लगेच हंडीसमोर बसले. बलभीमने पंप सुरू केला, व्होल्ट दिले. जांभळा तारा पेटला.

"वा," नाईकवाडी म्हणाले. "घ्या वाचन. मी लिहितो, तुम्ही सांगा."

बलभीम आकडे सांगू लागला. पहिले काही तो मोठ्याने सांगत होता. सकाळची रांग संपली होती, आता एकेकटी बाई येण्याची वेळ होती, आता बूच लागेल, आता तारा फिका पडेल. त्याने दाब वाढवला. काटा सरकला आणि ठरला. आणखी वाढवला. सरकला आणि ठरला. सवयीप्रमाणे पंपाला हात लावला. पंप गार होता.

"थांबलात का?" नाईकवाडींनी विचारलं. "पुढे चला."

मध्यावर तो उंचवटा आला. नाईकवाडी आलेखावरून वर न बघता म्हणाले, "परत करा. पहिल्यापासून." त्याने परत केलं. भर दुपार झाली तरी तारा हंडीत तसाच टोकदार उभा होता. दुसरी रेघ पहिलीवर बसली, तिसरी दुसरीवर. बलभीमच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तो प्रत्येक आकडा असा सांगत होता की कुणालाही वाटावं, ह्याला दंड भरायचा आहे.

"सरवदे," नाईकवाडी उठले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "इतकं स्वच्छ मोजमाप मी आमच्याकडेही पाहिलेलं नाही. काम झालं तुमचं. आता लिहायला बसा. पंप मी ह्याच आठवड्यात मागवून घेतो."

"अभिनंदन, सर!" आबाराव मनापासून हसले. "गावाचं नाव काढलं तुमी. ईरण्णा, मागल्या पाइपाचा वरचा कॉक बंद करून टाक. लोकांना सांगायला बरं, शब्द पाळला म्हणून."

ईरण्णा जागचा हलला नाही. तो बलभीमकडे बघत होता.

"अरे जा की."

ईरण्णा गेला. बलभीम मागच्या खिडकीशी आला आणि त्याने तिचं गोणपाट बाजूला केलं.

खाली भिंतीला लागून भीमनगरच्या बायका उभ्या होत्या, वस्तीवरच्या जवळजवळ सगळ्याच. घागरी, हंडे, कळशा, तेलाचे डबे, जे घरात होतं ते सगळं भरून रांगेने ठेवलेलं होतं. भरायला आता काहीच उरलं नव्हतं आणि पाइप वाहत होता. पाणी त्यांच्या पावलांवरून जात होतं, तापलेल्या जमिनीत मुरत होतं, थोडं पुढे जाऊन चिखल होत होतं. भिमाबाईने तोंडावर पदर धरला होता, जसा मयताच्या घरी धरतात. एक म्हातारी ओंजळीत पाणी धरत होती आणि ओंजळ भरली की सोडून देत होती, कारण ते ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. आणि पाइपापाशी, कुणी चुकून हात लावू नये म्हणून दोन्ही हात आडवे पसरून, चांगुणा पहारा देत होती. सकाळपासून.

खिडकीतला मुलगा दिसताच तिचा चेहरा उजळला.

"थांबला का रं काटा?"

बलभीम खिडकीतून खाली वाकला.

"थांबला, माय."

"सायेब?"

"पास झालो."

"पास झाला गं!" ती बायकांना म्हणाली. तोंडावरचे पदर खाली आले, कुणीतरी हसलं, कुणीतरी जयभीम म्हणालं. चांगुणाने कनवटीचं बूच काढलं. चिंधी सुटली होती ती तिने घाईघाईने नीट गुंडाळली, कारण अजूनही पाणी चाललंच होतं आणि इतका वेळ ते बघताना तिचा जीव तीळ तीळ तुटला होता.

"मग आता लावू का बूच?"

बलभीमने पाइपाकडे पाहिलं. धार बारीक झाली होती.

"नको," तो म्हणाला. "राहू दे आता."